बांगलादेशच्या झेंड्यातला गोल मधोमध का नाही?

प्रश्न: नमस्कार, लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आम्ही वेगवेगळ्या देशांचे झेंडे काढतोय. बांगलादेशच्या झेंड्यातला लाल गोल तिने पट्टी लावून मोजला तर तो मधोमध नाहीये, डावीकडे सरकलाय. जपानचा मात्र बरोब्बर मधे आहे. ही छपाईची चूक आहे का? आणि त्या गोलात आधी पिवळा नकाशा होता म्हणतात, तो का काढला?

उत्तर: चूक अजिबात नाही, आणि पट्टी लावून मोजणाऱ्या लेकीला आधी शाबासकी द्या, कारण हा फरक नुसत्या नजरेला पटकन कळत नाही. झेंडा आपण कागदावर सपाट बघतो पण तो बनवलेला असतो काठीवर फडकायला. काठीकडची बाजू ताठ राहते, मोकळी बाजू वाऱ्यावर हलते, तिला चुण्या पडतात आणि लांबून ती आहे त्यापेक्षा आखूड दिसते, म्हणजे गोल मोजूनमापून मधे ठेवला तर फडकताना तो टोकाकडे गेल्यासारखा वाटतो. म्हणून तो आधीच थोडा काठीकडे घेतलाय.

माप सोपं आहे. झेंडा २० सेंटीमीटर लांब घेतलात तर उंची १२, गोलाचा मध्य काठीपासून ९ सेंटीमीटरवर आणि त्रिज्या ४. जपानचाही गोल १८७० च्या नियमात लांबीच्या शंभराव्या भागाने काठीकडे होता, १९९९ च्या कायद्याने तो मधोमध आणला.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडतो तो फ्रान्सच्या नौदलाचा झेंडा. तीन उभे पट्टे, निळा ३०, पांढरा ३३ आणि लाल ३७ या प्रमाणात. लाल पट्टा पार टोकाला, सगळ्यात जास्त फडफडणारा, म्हणून तोच सगळ्यात रुंद, आणि मग समुद्रात लांबून बघणाऱ्याला तिन्ही सारखेच वाटतात! कोणीतरी वारा धरून हिशोब केलाय हो, किती बारीक विचार आहे हा. झेंड्याचा अर्थ म्हटलं की आपण लाल म्हणजे रक्त, हिरवा म्हणजे जमीन एवढ्यावरच थांबतो, पण तो कुठून आणि कसा दिसणार याचाही डिझाइनमध्ये तेवढाच विचार असतो.

आता नकाशाचं. १९७१ च्या मुक्तियुद्धात तो होता, १९७२ मध्ये काढला. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो ना, एकीकडून नकाशा बरोबर आला तर मागून तो उलटा दिसतो. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर अक्षरं आहेत, त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी सारखाच वाचता येईल असा बनवतात. आणि पॅराग्वेच्या झेंड्यावर तर दोन बाजूंना दोन वेगळी चिन्हं आहेत, पुढे तारा, मागे सिंह, तेव्हा प्रोजेक्टमध्ये तो घेणार असाल तर कागदाच्या दोन्ही बाजूंना काढा.