किट आलं, लॅम्प आला, मग जेल पॉलिशचा क्लास कशाला? तर ऐक

अगं, तुझा प्रश्न वाचला आणि हसूच आलं, कारण दहा वर्षांपूर्वी डोंबिवलीत बसून मी पण हेच म्हणत होते. ऑनलाइन १८०० रुपयांचं किट मागवलंस, त्यात लॅम्प, सहा शेड, बेस, टॉप सगळं आलं, यूट्यूबवर बघून स्वतःच्या आणि वहिनीच्या नखांवर केलंस, मस्त झालं, आता लग्नसराईत घरोघरी जाऊन ऑर्डर घ्यायच्यात आणि क्लासवाली २२ हजार मागतेय, तर ते तिला द्यायचे की त्यात अजून शेड घ्यायच्या. एवढाच प्रश्न आहे ना? उत्तर एका शब्दात देते, क्लास कर. पण का ते एका शब्दात होणार नाही, चहा घेऊन बस. आणि तू शेवटी वहिनीबद्दल जाता जाता एक वाक्य टाकलंयस ना, त्याकडे मी नंतर येणारच आहे.

आधी एक मान्य करते. ब्रश फिरवणं ही काही मोठी विद्या नाही, मेंदी काढणाऱ्या मुलीचा हात तर असा बसलेला असतो की महिन्याभरात माझ्यापेक्षा सुबक करेल. क्लास ब्रशसाठी करायचाच नसतो. साधी नेलपॉलिश आपण लोकलच्या लेडीज डब्यात घेऊन तिथेच लावतो, तिच्यातलं सॉल्व्हंट उडून जातं आणि रंग मागे राहतो, विषय संपला. जेल असं वाळत नाही. बाटलीत जी सुटी सुटी रसायनं असतात ती लॅम्पचा प्रकाश पडला की एकमेकांत गुंफली जातात आणि नखावर अक्षरशः प्लास्टिक तयार होतं. म्हणजे ते प्लास्टिक तू स्वतः बनवतेयस, समोरच्या बाईच्या बोटावर. नीट बनलं तर काही त्रास नाही, पण अर्धवट बनलं तर जी रसायनं सुटी राहिली ती आजूबाजूच्या कातडीत शिरायला मोकळी.

ह्यातलं सगळ्यात बदनाम रसायन म्हणजे हेमा (HEMA). नाव ऐकून शेजारच्या बिल्डिंगमधली मावशी वाटते, पण हे मेथाक्रिलेट नावाच्या रसायनांच्या खानदानातलं आहे आणि बऱ्याच जेलमध्ये असतं, बेस कोटमध्ये तर खूपच, कारण त्याच्यामुळे जेल नखाला घट्ट धरतं. युरोपात २०२१ पासून हेमावाले नखांचे प्रॉडक्ट फक्त प्रोफेशनल वापरासाठी असा नियम आहे आणि बाटलीवर ॲलर्जीची सूचना छापावी लागते. आपल्याकडे तीच सूचना इंग्लिशमध्ये मुंगीच्या अक्षरात छापलेली बाटली कोणालाही दोन दिवसांत घरपोच येते. तुझ्या किटमधली बेसची बाटली भिंगातून बघ एकदा.

आता माझी कथा. मी ओळखीच्या पार्लरमध्ये एका मुलीकडे अर्धा दिवस बसून शिकले, तिनेही तसंच कोणाकडून तरी बघून घेतलेलं. हातमोजे म्हणजे नखरे असं वाटायचं. कडेला जेल सांडलं की मी सरळ स्वतःच्या अंगठ्याने पुसायचे आणि ॲप्रनला हात फिरवायचे, दिवसाला पाच-सहा बायका, तीन वर्षं. मग उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं टोकाला खाजायला लागली, कातडी जाड झाली, चिरा पडल्या, थंडीत तर कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं. मी भांड्यांचा साबण बदलला, मग पावडर बदलली, सासूबाईंनी कोकम तेल दिलं ते लावलं, जेल मात्र चालूच. शेवटी पापण्या सुजल्या तेव्हा स्किनच्या डॉक्टरकडे गेले, कारण तोच हात आपण दिवसभर चेहऱ्याला लावतो. त्यांनी पाठीवर पॅच टेस्ट लावली, म्हणजे वेगवेगळ्या रसायनांचे छोटे चौकोन चिकटवले, दोन दिवसांनी काढून बघितली, अजून दोन दिवसांनी परत बघितली, आणि हेमाच्या चौकोनात लालभडक. डॉक्टर म्हणाले ही आता जाणार नाही. सर्दीसारखी येऊन जाणारी ॲलर्जी नाही ही, शरीराने एकदा ओळखलं की जन्मभर ओळखतं.

बरं, ती नखांपुरतीही राहत नाही. दातात सिमेंट भरायला गेले तर डेंटिस्टला आधी सांगावं लागलं, कारण दातांच्या बाँडिंगमध्ये हीच रसायनं असतात, त्यांनी मग वेगळ्या प्रकारचं साधं सिमेंट भरलं. गुडघा बदलताना कृत्रिम सांधा हाडाला बसवायचं सिमेंट त्याच खानदानातलं. मी चाळिशीत आहे, अजून गुडघे ठीक आहेत, पण फाइलमध्ये लिहून ठेवलंय. आणि हा फक्त माझा रडका किस्सा नाही, ब्रिटनमधल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की त्यांच्याकडे तपासलेल्यांपैकी २.४ टक्के लोकांना ह्यातल्या किमान एका रसायनाची ॲलर्जी निघाली, आणि घरच्या घरी किट वापरणाऱ्यांनी जास्त जपावं.

गंमत म्हणजे मी रीतसर कोर्स केला तो हे सगळं झाल्यावर. हात लावायचा नाही म्हणून निम्मं प्रॅक्टिकल लांबून बघितलं, आणि पहिल्या दोन तासांत कळलं की माझं काय काय चुकत होतं. आता माझ्याकडे दोन मुली काम करतात, मी लॅम्प, बाटल्या आणि त्या दोघींची बोटं तपासते.

तर काय शिकवतात तिथे. पहिली गोष्ट, जेल कातडीला लागता कामा नये, अजिबातच. नखाच्या मुळाशी आणि कडेला केसाएवढी फट सोडायची, आणि चुकून वाहिलंच तर लॅम्पमध्ये हात घालायच्या आधी ऑरेंज स्टिकने, म्हणजे छोट्या लाकडी काडीने, काढायचं. रील्समध्ये मुळापर्यंत रंग भरलेला बघून तसं करायला जातात मुली आणि तिथूनच चार दिवसांत उचलायला सुरुवात होते. दुसरी लॅम्पची. प्रत्येक जेलला ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश लागतो, आत्ताचे बहुतेक एलईडी लॅम्प ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरचे असतात, पण खोक्यावर ४८ वॅट लिहिलंय म्हणून सगळी जेल त्यात पिकतील असं नाही, जेलच्या कंपनीने कुठला लॅम्प आणि किती सेकंद सांगितलेत ते बघायचं असतं. मी एका ब्रँडचं जेल, दुसरा कुठलातरी बिनानावाचा लॅम्प आणि बाई घाईत असली की साठऐवजी तीस सेकंद, असा कारभार करत होते. काळा, पांढरा असे गच्च रंग जाड लावले की वरचा पापुद्रा खणखणीत होतो आणि प्रकाश खाली पोचतच नाही, मोठ्या आचेवर वडा टाकल्यासारखं, वरून लालबुंद आणि आत पीठ कच्चं. दिसायला काही कळत नाही गं, हाच तर त्रास आहे. आणि अंगठा! चार बोटं लॅम्पमध्ये सपाट राहतात, अंगठा तिरका होतो, एका बाजूला प्रकाशच मिळत नाही, म्हणून अंगठे वेगळे करायचे. हे मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं.

क्युअर झाल्यावरही, म्हणजे लॅम्पखाली पक्कं झाल्यावरही, वर चिकट थर राहतो, तो कच्चा राहिला असं समजून लोक पुन्हा पुन्हा लॅम्प लावतात. तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे राहतो, बऱ्याच जेलना राहणारच, अल्कोहोलने पुसायचा. पण पुसताना तोच बोळा कातडीवरून फिरवलास तर त्या चिकट थरातली सुटी रसायनं कातडीला चोळलीस की. प्रत्येक नखाला कोरा पॅड, आणि हातात नायट्राइलचे मोजे, पांढरे लॅटेक्सचे नकोत, त्यातून ही रसायनं काही मिनिटांत आरपार जातात. नायट्राइलला जेल लागलं तरी ते लगेच बदलायचे.

लॅम्पमध्ये भाजतंय म्हणून बाई हात ओढते ना, तेही उगाच नाही. रसायनं जोडली जाताना उष्णता निघते, थर जाड असेल किंवा नख आधीच घासून पातळ झालं असेल तर चटका बसतो. सहन करा हो मॅडम म्हणायचं नाही, हात बाहेर काढू द्यायचा आणि पुढच्या वेळी थर पातळ ठेवायचे.

रिमूव्हलवर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण नखांची वाट लावण्यात त्याचाच हात मोठा. बायका टीव्ही बघत बघत जेल सोलतात, सोबत नखाचा वरचा थर निघतो, आणि मग म्हणतात जेलमुळे नखं खराब झाली. जेलमुळे नाही, सोलल्यामुळे. नीट पद्धत म्हणजे वरचा टॉप कोट हलक्या हाताने घासायचा, ॲसिटोनचा कापूस ठेवून फॉइल गुंडाळायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, सुटलेलं हळूच ढकलायचं आणि नाही सुटलं तर परत गुंडाळायचं, खरवडायचं नाही. हातातल्या घासायच्या मशीनने घाई केली की नखावर लाल कडी उमटतात, तिथे नख इतकं पातळ झालेलं असतं की गरम चहाचा कप धरवत नाही. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे तुझी पाच मिनिटांची घाई त्या बाईच्या बोटावर चार-सहा महिने दिसणार. आणि तू घरी जाऊन करणार म्हणतेस म्हणून खास सांगते, ॲसिटोन भसकन पेट घेतं. लग्नघरी बसायला जागा मिळते ती स्वयंपाकघरात नाहीतर देवघरासमोर, जिथे गॅस चालू आणि समई लावलेली. आधी खिडकीजवळची जागा माग, मग पिशवी उघड.

लग्नाचं निघालंच आहे तर, माझी एक नवरी हळदीच्या दुसऱ्या दिवशी फोनवर रडली होती, फिकट गुलाबी नखं पिवळीजर्द. टॉप कोट अर्धवट क्युअर झालेला, त्याने हळद पिऊन घेतली. मी विरारला जाऊन सगळ्या नखांचा टॉप कोट बदलून आले, पैसे नाही मागितले. तेव्हापासून मराठी नवरीला मी आधीच सांगते, हळद आटोपल्यावर या, किंवा गडद रंग घ्या.

आणि नाही म्हणायला शिकणं. नखाखाली हिरवट डाग दिसला तर तो बुरशी नव्हे, उचललेल्या जेलखाली ओल साचून वाढलेला बॅक्टेरिया असू शकतो, त्यावर नवीन रंग मारून झाकायचा नाही, जेल काढायचं आणि डॉक्टरकडे पाठवायचं. नख सुटलेलं, कडेला पू, मधुमेह असलेल्या बाईची क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, कापायचा मोह, सगळीकडे हात आवरायचा. हे यूट्यूबवर कोणी दाखवत नाही कारण न केलेल्या कामाचा व्हिडिओ काय बनवणार.

आपल्याकडे हे काम करायला शिक्षणाचं लायसन्स लागत नाही, उद्यापासून बोर्ड लावलास तरी कुठे शिकलीस म्हणून कोणी विचारणार नाही. कॅलिफोर्नियात नखांचं काम करायला ४०० तासांचं शिक्षण आणि परीक्षा, टेक्ससमध्ये ६०० तास. तेवढं जमणार नाही कबूल, पण निदान पाच-सहा दिवस तरी नीट बस. २२ हजार मात्र डोळे झाकून देऊ नकोस. त्यात एक्सटेन्शन म्हणजे नकली नखं लावून लांबी वाढवणं, थ्रीडी नेल आर्ट, चकचकीत सर्टिफिकेट असं सगळं कोंबलेलं असेल तर तुला आत्ता त्यातलं निम्मं नकोय. विचार की रिमूव्हल किती वेळ शिकवता, खऱ्या माणसांच्या हातावर किती सराव, की नुसत्या प्लास्टिकच्या हातावर, हत्यारं कशी निर्जंतुक करता, आणि एका बॅचमध्ये किती मुली. एक डेमो बघायला जा. शिकवणारीच उघड्या बोटांनी काम करत असली तर चहा पिऊन परत ये. आयटीआयला कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड असतो, आणि ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचा असिस्टंट नेल टेक्निशियनचा कोर्स पण आहे, तुझ्या जिल्ह्यात सेंटर आहे का बघ, प्रायव्हेटपेक्षा स्वस्तात पडू शकतं. नवीन शेड घ्यायची घाई नको, सहा शेडमध्ये पहिला सीझन आरामात निघतो, बायका शेवटी लाल, मरून आणि न्यूडच मागतात.

आता तुझं ते वाक्य. वहिनीला दुसऱ्यांदा केल्यावर कडेने जरा खाज आली पण गेली. ती गेली म्हणजे मिटलं असं समजू नकोस, माझीही पहिल्यांदा चार दिवसांत गेली होती. तिच्या नखांवरचं जेल उद्याच ॲसिटोनने काढ, सोलू नकोस, मोजे घालून काढ, तिसऱ्यांदा लावू नकोस, अगदी घरच्या लग्नाला तिने हट्ट केला तरी साधी नेलपॉलिश लाव. तिला स्किनच्या डॉक्टरकडे ने आणि किटमधली बेसची बाटली आणि तिचं खोकं दोन्ही सोबत ने, त्यावरची नावं त्यांना लागतील. आणि तुझी स्वतःची बोटं कशी आहेत ते लिहिलंच नाहीस, अंगठ्याचं टोक नीट बघून सांग.