लंडनच्या पोग्स या बँडचं नाताळचं गाणं आवडलं. त्यांचं पहिलं सिंगलही ऐकण्यासारखं आहे का?

आहे, पण नाताळच्या गाण्यातली सफाई त्यात शोधू नका. नाताळचं गाणं 1987चं, तोवर बँड चांगला मुरला होता. पहिलं सिंगल (सुटी रेकॉर्ड) 'डार्क स्ट्रीट्स ऑफ लंडन' हे 1984चं, पोरांनी स्वतःच काढलेलं आणि बऱ्यापैकी कच्चं. मला तर ते कच्चं आहे म्हणूनच आवडतं.

तेव्हा बँडचं नाव होतं 'पोग महोन'. मूळ आयरिश शब्दांचा अर्थ 'माझ्या ढुंगणाचा मुका घे'. (सौम्य करून सांगायची सोय नाही, माफ करा.) बीबीसीवर नाव बिनदिक्कत घेतलं जात होतं, कुणा गेलिक जाणणाऱ्याने अर्थ सांगितला आणि पंचाईत झाली. मग काटछाट होऊन उरलं 'द पोग्स'.

'डार्क स्ट्रीट्स' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते पबमधलं मजेचं गाणं वाटलं होतं. अ‍ॅकॉर्डियन, टिन व्हिसल, बँजो (आपल्या मिरवणुकीतला नव्हे, तो बुलबुलतरंग), आणि ठेका असा की पाय आपोआप हलावा. शब्दांकडे लक्ष गेलं ते फार नंतर. सुरुवातीला लंडनमधलं हॅमरस्मिथ, उन्हाळ्याची झुळूक, दोस्तांबरोबर पिणं. मग हिवाळा येतो. तोही आधी लाडकाच असतो, पब आणि सट्ट्याच्या दुकानांत दिवस निघून जातात. पुढे तीच थंडी सोसवत नाही. नाताळ तोंडावर, खिशात दमडी नाही. आणि शेवटच्या कडव्यात उन्हाळ्याचा पहिला दिवस उजाडतो तो थेट विजेचे झटके देणाऱ्या इस्पितळाची आठवण घेऊन. चाल मात्र तशीच उड्या मारत राहते.

हे लिहिणारा बँडचा गायक शेन मॅकगोवन आयरिश आईबापांचा, जन्मला इंग्लंडमध्ये. पोरवयात तो स्वतः मनोरुग्णालयात राहून आला होता. शिवाय काळ बघा: डिसेंबर 1983मध्ये लंडनच्या हॅरॉड्सबाहेर आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेचा बॉम्ब फुटलेला. आयरिश आडनावाकडे संशयाने बघणाऱ्या शहरात ही मंडळी आयरिश चाली मोठमोठ्याने वाजवत होती, त्याही पंक या धसमुसळ्या रॉकच्या वेगाने. डब्लिनच्या जुन्या बँडांना हे जमलं नसतं असं माझं मत. त्यासाठी लंडनमध्ये परकं असावं लागतं.

रेकॉर्ड उलटवलीत तर पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत पाय गमावलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकाचं गाणं आहे, मूळ एरिक बोगल या गीतकाराचं. ते मात्र पोग्सच्या 1985च्या अल्बममधलंच आधी ऐका, तिथे मॅकगोवनचा आवाज जास्त लागलाय.