युनियनमधला माणूस हवामान बदलाचं काय करणार?

रबाळ्याच्या कारखान्यात युनियनचं काम करताय, महापालिकेची निवडणूक लढवावी का, आणि आरोग्य-हवामान असल्या विषयांत कामगार पुढाऱ्याला काय कळणार, असं तुम्ही विचारलंत. टीटीसीत, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, युनियनचं काम करण्यात माझी ३१ वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग कॉम्बे यांची कारकीर्द बघा. शिकले खाण अभियांत्रिकी, पण गोदी कामगारांच्या संघटनेत काम करून २००० मध्ये तिथल्या कामगार महासंघाचे सचिव झाले. अ‍ॅस्बेस्टॉसचा (उष्णता रोखणारं तंतूंचं खनिज) माल बनवणाऱ्या जेम्स हार्डी कंपनीने २००१ मध्ये आजारी माणसांच्या भरपाईसाठी वेगळं प्रतिष्ठान काढलं, त्यात २९.३ कोटी डॉलर ठेवले आणि मुख्यालय नेदरलँड्सला हलवलं. पैसे पुरणार नाहीत हे लवकरच उघड झालं. बर्नी बँटन हे आजारी माजी कामगार नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन लढ्यात पुढे राहिले, आणि कॉम्बे यांनी कंपनीला वाटाघाटीला बसवलं.

करार कसा केला ते नीट बघा. एकरकमी सौद्यावर भागवलं नाही. कंपनीने दरवर्षीच्या रोख मिळकतीतून, ३५ टक्क्यांच्या मर्यादेत, निधीत भरणा करत राहायचा. हा आजार अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेल्यावर वीस-तीस-चाळीस वर्षांनी उघड होतो. तेव्हा आजारी पडणारा माणूस आज मोर्चात नसतो, त्याच्या वाट्याचे पैसे आजच बांधून घ्यावे लागतात. फंड आणि ग्रॅच्युइटीसाठी भांडलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

२००७ मध्ये कॉम्बे कोळशाच्या पट्ट्यातून खासदार झाले, २०१० मध्ये हवामान बदल खात्याचे मंत्री. १ जुलै २०१२ पासून मोठ्या प्रदूषकांना कार्बनच्या दर टनामागे २३ डॉलर भरावे लागले, आणि त्याच दिवशी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६,००० वरून १८,२०० डॉलरवर गेली. म्हणजे धूर सोडणाऱ्याकडून घ्यायचं आणि महागाईची झळ बसणाऱ्या घराला द्यायचं. अ‍ॅस्बेस्टॉसचाच हिशेब, फक्त फुप्फुसाच्या जागी आभाळ. २०१४ मध्ये नव्या सरकारने ही कार्बनवरची आकारणी रद्द केली. माझं मत असं की विजेच्या बिलातली वाढ लोकांना दिसली, पगारात वाचलेला कर दिसला नाही. आपण करार झाला की गेट मीटिंगमध्ये पगाराची स्लिप हातात धरून कुठली ओळ वाढली ते दाखवतो. तसं तिथे घरोघरी व्हायला हवं होतं.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालकाने मजुरीवर ठराविक जादा रक्कम (लेव्ही) माथाडी मंडळात भरायची आणि त्यातून फंड, बोनस, औषधपाणी. अण्णासाहेब पुढे विधान परिषदेवर गेले. कोपरखैरण्याचं माथाडी हॉस्पिटल तुम्ही येता-जाता पाहतच असाल.

आता आमची चूक सांगतो. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांनी कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. आमचा कारखाना रसायनांचा, त्यामुळे आमच्याकडे ते कुणी लागू मानलं नाही, आणि आम्हीही मागितलं नाही. स्टीम लाइनचं जुनं लॅगिंग, म्हणजे वाफेच्या पाइपवरचं अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण, आम्ही तोंडाला रुमाल बांधून हाताने उचकटायचो. पुढे कारखाना बंद पडला, कागद गेले. माझ्या पाळीतला एक सोबती आज दोन जिने चढू शकत नाही, आणि तो कुठल्या खात्यात किती वर्षं होता याचा एकही पुरावा आमच्याकडे नाही. बोनसच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब आम्ही ठेवला, श्वासाचा ठेवला नाही. हे मला अजून टोचतं.

निवडणूक जरूर लढवा. पण त्याआधी वही घाला. नाव, खातं, कुठला माल हाताळला, कुठल्या सालापासून, खोकला कधी सुरू झाला. एक प्रत युनियनच्या कपाटात, एक कामगाराच्या घरी. एप्रिल-मे मध्ये दुपारी तीन वाजता पत्र्याच्या शेडखाली किती तापमान आहे, तेही रोज लिहा, आणि त्या दिवशी कोणाला चक्कर आली तेही. निवडून आलात तर पहिल्या सभेला हीच वही घेऊन जा.