पत्रिका छापील, उत्तरं चहूकडून: लग्नघरांचे पाच प्रश्न

सीझन तोंडावर आलाय आणि प्रश्नांमधलं दुखणं जवळपास सगळ्यांचं एकच, पत्रिका वाटून झाल्या पण येणार किती ते काही केल्या कळत नाही. पाच प्रश्न घेतलेत, पहिल्याला जरा जास्त जागा लागली.

प्रश्न (चिंचवड): ज्येष्ठांना छापील पत्रिका दिल्या, बाकी सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर पत्रिका आणि सोबत गूगल फॉर्म. आता उत्तरं फॉर्मवर येतायत, आईच्या फोनवर येतायत, बाबा डायरीत लिहून ठेवतायत आणि ताईला लोक नुसता अंगठा पाठवतायत. हे सगळं एकत्र करायचं कसं?

उत्तर: फॉर्म भरला की मागे जी शीट तयार होते ना, तिलाच यादी समजू नका, गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्या शीटमध्ये ज्यांनी उत्तर दिलं तेवढेच दिसतात, ज्यांनी दिलं नाही ते दिसतच नाहीत, आणि तुम्हाला खरं काम त्यांच्याशीच आहे. म्हणून आधी आमंत्रणाची यादी वेगळ्या शीटमध्ये घ्या, एका घराला एक ओळ. नाव घरात ज्या नावाने ओळखतात तेच लिहा, "कराडची मावशी" चालेल. मग एक मोबाइल नंबर, पत्रिका कोणी दिली, हळदीला किती, लग्नाला किती, रिसेप्शनला किती, मुक्कामाला किती, आणि शेवटच्या रकान्यात उत्तर कुठून आलं ते, फॉर्म, फोन की तोंडी. हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि नंतर "यांचं कोणी लिहिलं?" म्हणून घरात वाद घालत बसतात.

फॉर्म, फोन, डायरी ही सगळी नुसती आवक. तिथून मेन यादीत भरायचं काम एकाच माणसाकडे द्या, रोज जेवणं झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं. बाबांची डायरी हिसकावून घेऊ नका, त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढा, बास. दोघा-तिघांनी एकच शीट उघडून भरायला घेतली की तेच नाव तीनदा येतं.

डबल नोंदीचं म्हणाल तर ती हमखास होणार. काकांनी आईला फोनवर चार जण सांगितलेले असतात, चुलतभाऊ फॉर्मवर पाच टाकतो, बेरीज नऊ. नावावरून हे सापडत नाही कारण एकीकडे मराठीत असतं, दुसरीकडे इंग्रजीत, कुठे नुसतंच आडनाव. नंबरावरून शोधा, तेही फक्त शेवटचे दहा आकडे धरून, कारण कोणी पुढे ९१ लावतं, कोणी शून्य, कोणी मध्ये जागा सोडतं. आणि बापलेकांचे नंबर वेगळे असतातच, म्हणून फॉर्ममध्ये "पत्रिका कोणाच्या नावाने आली?" हा प्रश्न ठेवाच. दोन उत्तरं जुळली नाहीत तर नंतरचं खरं असं धरू नका, एक फोन करा.

अंगठा आला म्हणजे पत्रिका पोचली एवढंच, येतो असं कोणी म्हटलेलं नाही. तसंच मोघम "नक्की प्रयत्न करू" हेसुद्धा "नाही"च्याच बाजूला ठेवा.

आणि फॉर्ममध्ये एका माणसाने एकदाच उत्तर द्यायचं अशी सेटिंग असते ती बंद ठेवा. ती चालू असली की आधी गूगलमध्ये लॉगिन करायला लागतं, मग मावशी पासवर्डपाशी अडकतात आणि फॉर्म राहतो तो राहतोच.

प्रश्न (सातारा): पत्रिकेवर सहकुटुंब सहपरिवार छापायचं आणि खाली लिंक देऊन किती जण येणार विचारायचं, हे विचित्र दिसत नाही का?

उत्तर: दिसतं. एका हाताने सगळ्या घराला बोलवायचं आणि दुसऱ्या हाताने डोकी मोजायची. त्यात वर "नजरचुकीने कोणाला आमंत्रण द्यायचे राहून गेले असल्यास हेच आमंत्रण समजावे" असं छापलेलं असतं, म्हणजे यादीबाहेरच्यांनाही दार उघडं. पण माझं म्हणाल तर पत्रिकेची भाषा बदलू नका, ती मानाची आहे. मोजणी पत्रिकेबाहेर करा. तुमच्याकडे गावात तसंही चूलबंद आवतण, म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच जेवायला, कोणाला आणि घरटी एक माणूस कोणाकडून, हे तोंडीच ठरतं ना? मग यादीत त्याचाच एक रकाना करा. ज्यांना चूलबंद सांगितलंय त्यांना लिंक पाठवायचीच नाही, घरातली माणसं तुम्हाला माहीत आहेत, आकडा स्वतःच टाका. लिंक शहरातल्या मित्रमंडळींना, ऑफिसला आणि मुक्कामाला येणाऱ्यांना पाठवा, तीही पत्रिकेवर न छापता वेगळ्या मेसेजमध्ये, "जेवणाची आणि राहण्याची सोय नीट व्हावी म्हणून विचारतोय" एवढं लिहून. सोयीसाठी विचारलं तर कोणाला राग येत नाही.

प्रश्न (न्यू जर्सी): मुलीचं लग्न इथेच आहे. छापील निमंत्रणासोबत रिप्लाय कार्ड आहे, वेबसाइटवरही उत्तर देता येतं, आणि दीडेकशे निमंत्रणं भारतात जायची आहेत. दोन्ही ठेवू का?

उत्तर: अमेरिकेतल्या पाहुण्यांना दोन्ही ठेवा, भारतातल्यांना कार्ड नको. तुम्ही परतीच्या पाकिटावर अमेरिकेचं तिकीट लावून पाठवाल पण ते भारतातल्या पेटीत टाकून काही उपयोग नाही, तिथे भारताचं तिकीट लागतं आणि साताठ हजार मैलांवरून ते कार्ड वेळेत पोचेल याची हमी कोण देणार. त्यांच्यासाठी पुण्यात किंवा मुंबईत घरचाच एक माणूस नेमा, तो फोन करेल आणि तुम्हाला एकत्र यादी पाठवेल.

अमेरिकेतल्या कार्डांच्या मागे पेन्सिलने बारीक नंबर टाका आणि तोच नंबर यादीत. लोक आनंदाने "येतो" वर टिक करतात आणि नाव लिहायचं विसरतात, मग तुम्ही अक्षर ओळखत बसता. झोला, द नॉट वगैरे लग्नाच्या साइटवर पाहुण्यांची यादी आधी भरता येते आणि कार्डावर आलेलं उत्तर तिथे स्वतः नोंदवता येतं, म्हणजे वेगळी शीट नकोच. कार्डावर "तुमच्यासाठी अमुक जागा राखून ठेवल्या आहेत" असा आकडा स्वतः घाला, कारण आपल्याकडे सासू-सासरे भारतातून आलेले असले तर तेही सोबत येणार हे गृहीतच असतं, आणि अमेरिकेत टेबलावर प्रत्येकाची खुर्ची मोजलेली असते. संगीत, लग्न, रिसेप्शन तिन्हीला वेगळा टिक हवा.

भारतातल्यांच्या उत्तरात मात्र हो आणि नाही यांच्यामध्ये तिसरा रकाना ठेवा, "हो, पण व्हिसा". मामा मनापासून हो म्हणतात, पण अपॉइंटमेंट कधीची मिळते त्यावर सगळं, त्यांचं ताट आत्ताच मोजू नका.

प्रश्न (ठाणे): पत्रिकेवर क्यूआर कोड छापावा का?

उत्तर: वर म्हटलं तसं लिंक वेगळ्या मेसेजमध्येच बरी, पण कोड छापायचाच असेल तर सोनेरी फॉइलवर नको, चकाकीत कॅमेऱ्याला दिसत नाही. फिक्या कागदावर गडद रंगात, निदान दोन सेंटीमीटरचा, आणि खाली एक फोन नंबर. फुकट साइटवरून कोड बनवताना बघून घ्या, काहींचे कोड ट्रायल संपली की बंद पडतात आणि तोवर पत्रिका वाटून झालेल्या असतात. प्रूफ हातात आलं की घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाइलवर स्कॅन करून बघा, मगच छपाईला हो म्हणा.

प्रश्न (कोल्हापूर): फॉर्मवर २१०, फोनवर १६०, आणि तीनेकशे लोकांनी काहीच कळवलं नाही. केटररला पानं किती सांगू?

उत्तर: सरसकट टक्केवारी लावू नका, गट पाडा. आधी २१० आणि १६० मधल्या डबल नोंदी काढा, मग न कळवलेल्यांना बघा. भाऊबंद आणि गावातले कळवत नाहीत पण येतात, त्यांना येणारच धरा. ऑफिसवाले कळवून न येण्यात पटाईत, आणि आले तरी बहुतेक संध्याकाळच्या रिसेप्शनला. सोसायटीतल्यांना जिन्यात विचारा.

मग तारीख बघा. दाट तिथी असेल तर एकेका घरात त्या दिवशीच्या दोन-तीन पत्रिका पडलेल्या असतात, घरातली माणसं वाटून जातात, नवरा इकडे, बायको तिकडे. तिथे चारच्या ठिकाणी दोन धरा. मुहूर्त साडेबाराचा असेल तर जेवूनच जातात, सकाळी नऊचा असेल तर बरेच जण अक्षता टाकून थेट कामाला.

केटररशी दोन आकडे ठरवा, एक गॅरंटीचा, ज्याचे पैसे पानं उठली नाहीत तरी द्यायचे, आणि एक वरचा, ऐन वेळी किती पानं वाढवून देईल तो. गॅरंटीत फक्त पक्के घाला, बाकीचे वरच्यात. हे दोन्ही आकडे आणि वाढीव पानाचा दर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. आणि बँडवाले, फोटोग्राफर, गुरुजी, ड्रायव्हर यांची पानं कोणाच्याच फॉर्ममध्ये नसतात, ती आजच यादीत टाका.