घरातली मध्यस्थी ही पात्रता नव्हे

सप्रेम नमस्कार,

आपल्या पत्रातील प्रश्न एका ओळीचा आहे. मुलगी विज्ञान शाखेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला शांतता-उभारणी आणि संघर्ष-निवारण या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यायची झाल्यास काय काय लागते? उरलेल्या दोन पानांत हा विषय तिलाच कसा शोभतो, हे आपण लिहिले आहे, आणि माझे लक्ष त्या पानांवरच अडकले. ‘आम्हा दोघांची भांडणे ती शाळेत असल्यापासून मिटवत आली आहे,’ असे आपण कौतुकाने लिहिता. अर्जासोबत जोडायचे निवेदनही तिच्या वडिलांनी याच आधारावर लिहून ठेवले आहे.

या कौतुकात मला सहभागी होता येत नाही. मध्यस्थीच्या शिक्षणात अगदी सुरुवातीलाच शिकवतात की मध्यस्थ दोन्ही पक्षांनी स्वेच्छेने स्वीकारलेला असावा, वादाच्या निकालात त्याचे स्वतःचे काही अडकलेले नसावे आणि काम झेपेनासे झाल्यास त्याला बाजूला होता यावे. आपल्या मुलीला यांपैकी एकही गोष्ट मिळालेली नाही. जिचे घर, झोप आणि शिक्षण आईवडिलांच्या समेटावर अवलंबून होते, तिने समेट घडवला तो आवडीने की भीतीने, हे आपण तिला कधी विचारले आहे का? पत्रात तिचे स्वतःचे म्हणून एकही वाक्य नाही. असे मूल वातावरणातला ताण चटकन ओळखू लागते हे खरे; परंतु आवाज चढला की कोणत्याही अटीवर तो शांत करण्याची घाईही त्याला जडते, आणि या क्षेत्रात ती घाई घातक ठरते.

ती का घातक ठरते हे समजण्यासाठी एक गैरसमज दूर करायला हवा. भांडण थांबवणे म्हणजेच शांतता निर्माण करणे, असे आपण गृहीत धरले आहे. योहान गाल्टुंग या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९६४ मध्येच नकारात्मक आणि सकारात्मक शांतता असा भेद मांडला: पहिलीत केवळ हिंसा थांबलेली असते, तर दुसरीत माणसांचे आपसातले संबंध आणि व्यवस्था नव्याने घडत असतात. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या शांतता-करारानंतर पोलीस दलाची पुनर्रचना करावी लागली. कोलंबियात सरकार आणि सशस्त्र बंडखोर यांच्यात झालेल्या २०१६ च्या शांतता-करारातील पहिलाच मुद्दा ग्रामीण भागातील जमीन-सुधारणेचा आहे. म्हणजे जमीन कोणाच्या नावावर, विस्थापितांनी परतायचे कुठे, शस्त्रे खाली ठेवणाऱ्याने उद्या पोट कसे भरायचे, अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रश्नांवर वर्षानुवर्षे चिकाटीने बसण्याचे हे काम आहे. कधी कधी तर दबलेला संघर्ष आधी उघड्यावर आणावा लागतो. समजूत घालण्याची हातोटी इथे उपयोगी पडते, पण तेवढ्यावर निभत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. बहुतेक विद्यापीठांना मान्यताप्राप्त पदवी, बरे गुण, शिक्षणाच्या भाषेवर प्रभुत्व, दोन-तीन शिफारसपत्रे आणि निवेदन लागते. विज्ञानाची पदवी अनेक ठिकाणी चालते, काही ठिकाणी मात्र सामाजिक शास्त्रांचे ठराविक श्रेयांक मागतात, म्हणून प्रत्येक अभ्यासक्रमाची अट स्वतंत्रपणे वाचावी. ब्रिटनमध्ये हा अभ्यासक्रम साधारण एका वर्षाचा, इतरत्र बहुधा दोन वर्षांचा असतो, आणि त्यात संशोधनपद्धती, वाटाघाटींचा सराव, प्रत्यक्ष क्षेत्रकार्य व प्रबंध किंवा प्रकल्प येतो. आपण विचारलेल्या रोटरी पीस फेलोशिपच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीसाठी किमान तीन वर्षांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे तो विषय यंदा बाजूला ठेवा. अनुभवाची अट नसेल तिथेही मी तिला एक-दोन वर्षे काम करूनच जायला सांगेन. निर्वासितांसोबत, कायदेविषयक मदत केंद्रात किंवा पाणीवाटपाच्या तंट्यांवर केलेले काम चालेल. या शेवटच्या ठिकाणी तिची विज्ञानाची पदवी थेट कामाला येईल.

वडिलांनी लिहिलेले निवेदन कृपया वापरू नका. दुसऱ्याने लिहिलेले निवेदन स्वतःचे म्हणून पाठवणे हा सरळसरळ अप्रामाणिकपणा आहे. शिवाय परीक्षकांना त्यात उमेदवाराने कोणता संघर्ष अभ्यासला, तिथे आपली भूमिका काय होती आणि कोणता प्रश्न घेऊन ती येते आहे, हे पाहायचे असते. घरातील भांडणांचा उल्लेख करायचा की नाही, हे तिने ठरवावे. ती माहिती जगासमोर ठेवण्याचा अधिकार आपला नाही.

अर्ज करण्याआधी करायचे काम आपल्या दोघांचे आहे. आपण पतिपत्नींनी विवाह-समुपदेशकाकडे जावे आणि यापुढे तिला मध्ये ओढणार नाही, असे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. ही जबाबदारी उतरल्यानंतर कदाचित तिला प्रयोगशाळाच हवी असेल. तसे असेल तर तो निर्णय वाद न घालता मान्य करा. आणि तरीही तिला याच विषयाकडे जायचे असेल, तर पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. त्याचे उत्तर मी तिच्याच पत्त्यावर पाठवीन.