'गोएल'ला मराठीत काय म्हणावं?

बायबलमध्ये रूथ नावाच्या विधवेची गोष्ट आहे. तिच्याशी पुढे लग्न करणारा, तिच्या सासरचा आप्त बवाज, त्याला हिब्रूत 'गोएल' म्हटलं आहे. मराठीत त्याला 'तारणहार' म्हणता येईल का, असा प्रश्न आहे. माझं मत, म्हणू नये. तारणहार म्हटलं की देव नाहीतर अवतार डोळ्यांपुढे येतो. गोएल मात्र घरचाच माणूस.

मूळ क्रियापद 'गाअल', म्हणजे सोडवणं. सावकाराकडून आपण दागिने सोडवून आणतो ना, तेच सोडवणं. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात याचे नियम आहेत. भावाला (सख्खाच असं नाही) गरिबीमुळे जमीन विकावी लागली, तर जवळच्या आप्तानं ती सोडवावी. त्यानं स्वतःलाच परक्याला विकलं असेल, तर भाऊ, काका, चुलतभाऊ, नाहीतर कुळातल्या कुणीही त्याला सोडवावं. त्यातलं 35वं वचन मला फार जवळचं वाटतं. मूळ शब्द धरले तर ते असं : तुझ्या भावाचा हात तुझ्यापाशी डळमळला, तर त्याला धरून ठेव. गरिबीत आपल्याकडे हात पसरावा लागतो. इथे पसरायच्या आधीच, डळमळतानाच, दुसऱ्यानं तो धरायचा आहे. पैसे द्यायचे, पण व्याज घ्यायचं नाही. व्याजाला शब्द आहे 'नेशेख', आणि त्याचा धातू 'चावणे' या अर्थाचा!

म्हणून मी 'सोडवणारा भाऊबंद' म्हणेन. 'भाऊबंदकी'त आपल्याला वाटणीची भांडणंच दिसतात हे खरं, पण भाऊबंद या शब्दात रक्ताचं नातं आणि जमीन दोन्ही आहेत, आणि गोएललाही नेमकी तीच दोन्ही लागतात. यिर्मया संदेष्ट्याचंच बघा. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्यानं यरुशलेमला वेढा घातलेला, यिर्मया कैदेत, आणि तशात चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं शेत सोडवायचा हक्क तुझा आहे. यिर्मया 17 शेकेल (शेकेल हे तेव्हाचं वजन) चांदी तोलून देतो आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात जपून ठेवायला लावतो.

रूथच्या गोष्टीत बवाजपेक्षा जवळचा एक आप्त होता. जमीन सोडवायला तो आधी तयार झाला. पण जमिनीबरोबर रूथचीही जबाबदारी येते म्हटल्यावर, माझं स्वतःचं वतन बिघडेल म्हणून मागे हटला आणि हक्क सोडल्याची खूण म्हणून पायातला जोडा काढून दिला. त्याचं नाव गोष्टीत कुठेच येत नाही. बवाज त्याला हाक मारतो ती 'पेलोनी अल्मोनी', म्हणजे अमुक तमुक. हा 'पेलोनी' अरबीतल्या 'फुलान'चा सख्खा भाऊ, आणि त्या 'फुलान'वरूनच फारसीमार्गे आपल्याकडे 'फलाणा' आला.