व्हिएतनामसाठी एफडी मोडू का?

प्रश्न : मी आणि मिस्टर, दोघंही निवृत्त शिक्षक, सांगली. मध्य व्हिएतनाममधलं जुनं शहर होई आन, जुनी राजधानी ह्युए आणि 'मी सन' या ठिकाणची देवळं पाहायची आहेत. टूर कंपनी दिवाळीतल्या आठ दिवसांच्या सहलीचे (हनोई, हालाँग, दा नांग, हो ची मिन्ह सिटी) माणशी 1 लाख 35 हजार सांगते, 'नो कॉस्ट ईएमआय'सह (बिनव्याजी म्हणवले जाणारे हप्ते). आमची 4 लाखांची दोन वर्षांची एफडी (7 टक्के) जानेवारीत संपते. आत्ता, सप्टेंबरात मोडावी का?

उत्तर : मोडू नका, ईएमआयही नको. मार्चमध्ये जा.

मुदतीआधी मोडल्यास बँक ठरलेला दर देत नाही. ठेव जितके महिने राहिली त्या मुदतीचा दर धरते आणि बहुतेक बँका त्यातून अर्धा ते एक टक्का दंडही कापतात. 20 महिन्यांवर तुमचा दर 5.8 वर आला, तर आजवरच्या व्याजातलेच पावणेनऊ हजार जातील. ईएमआय घेतलात तर रोखीने मिळणारी सूट जाते, वर प्रोसेसिंग फी आणि जीएसटी. व्याज आहेच, फक्त दिसत नाही.

हवामानही थांबायलाच सांगतंय. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनामचा ऐन पावसाळा. थू बोन नदी चढली की होई आनच्या काठच्या गल्ल्यांत पाणी शिरतं, ह्युएतही तीच गत. हनोई मात्र तेव्हा छान असतं, त्यामुळे दिवाळीची सहल विकायला अडचण येत नाही! 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी तेत, म्हणजे तिकडचं नववर्ष येतं. तेव्हा भाडी चढतात, दुकानं बंद असतात. म्हणून मार्च, तोवर एफडीही हातात असेल.

आता पॅकेज. तुम्ही लिहिलेल्या तीन ठिकाणांपैकी ह्युए आणि मी सन त्यात दिसत नाहीत. होई आन अशा सहलींत बहुधा दा नांगहून संध्याकाळी कंदील दाखवण्यापुरतं असतं. जे पाहायचंय त्याची तिकिटं किती? व्हिएतनामच्या चलनात, म्हणजे डोंगांत : होई आन 1,20,000 डोंग (पाच वास्तूंची कुपनं), मी सन 1,50,000, ह्युएचा राजवाडा आणि तीन समाध्यांचं एकत्र तिकीट 5,30,000. डोंगाची तीन शून्यं काढून साडेतीनने गुणलं की ढोबळ रुपये येतात : माणशी 2,800! जाण्याआधी दर पुन्हा तपासा.

दा नांगला उतरा. होई आन तिथून 30 किलोमीटर. तिथे चार रात्री राहून एका पहाटे मी सन करा, कारण दहानंतर ऊन विटांवरून परतून अंगावर येतं. चौथ्या ते तेराव्या शतकातली ही चाम राजांची, म्हणजे तिथल्या जुन्या राज्यकर्त्यांची शिवालयं. काही समूहांची डागडुजी आपल्याच पुरातत्त्व खात्याने केली आणि 2020 मध्ये त्या कामात अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. मग हाय वान घाटाने ह्युए, तीन रात्री. शेवटची रात्र दा नांग. ह्युएच्या त्या तीनपैकी खाई दिन्ह समाधीला शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर तिला वगळून तिकिटं सुटी घ्या.

दोघांचा अंदाज : विमान 76,000, हॉटेल 28,000, गाड्या 20,000, जेवण 24,000, तिकिटं व व्हिसा 10,000, प्रवासविमा 3,000, हाताशी 20,000. बेरीज 1 लाख 81 हजार, पॅकेज 2 लाख 70 हजार. भाषेची आणि धावपळीची धास्ती असेल तर फरकाचे पैसे मोजण्यात गैर नाही, पण मग ह्युए-मी सन असलेलं पॅकेज शोधा आणि जीएसटी आणि टीसीएस (परदेशी सहलीच्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) धरून आकडा लेखी मागा. टीसीएस ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच नावे जमा होतो आणि रिटर्न भरल्यावर कराशी जुळवून उरलेला परत मिळतो. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर दर चढतो.

ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा 25 डॉलर, सरकारी संकेतस्थळावरूनच. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट जास्त उकळतात. अर्ज फेटाळला तरी फी परत नाही, आणि आपल्याकडे घोळ होतो तो मधल्या नावाचा : पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव छापलेलं असेल तर अर्जातही तसंच हवं.

कार्ड मशीनने 'रुपयांत भरता का' विचारलं तर नको म्हणा, डोंगच निवडा. सोबत न दुमडलेले, न लिहिलेले डॉलर ठेवा. 20,000 आणि 5,00,000 या दोन्ही नोटा निळ्या आहेत. वीस हजारीच्या मागे होई आनचा जपानी पूल असतो. पूल दिसला नाही तर हातातली नोट साडेसतराशे रुपयांची असू शकते. शून्यं मोजूनच द्या.